विमानअण्णा आणि पाइपाच्या बंदुका

विमानअण्णा माणसाचा चेहरा नंतर बघायचे, आधी वजन. नवा माणूस दारात आला की ते त्याला पायांपासून खांद्यांपर्यंत एकदा न्याहाळायचे, "बहात्तर. पिशवी धरून पंच्याहत्तर," असं स्वतःशी पुटपुटायचे आणि मगच "या, बसा" म्हणायचे. बसायचं कुठे, हेही तेच ठरवायचे. अंगाने भरलेल्या माणसाला आतल्या खाटेवर, किडकिडीत माणसाला दाराजवळच्या स्टुलावर. पुतणीच्या लग्नात वऱ्हाडाची जीप निघताना त्यांनी नवरदेवाला पुढच्या सीटवरून उठवून मागे बसवलं आणि त्याच्या धिप्पाड मामाला पुढे घेतलं. त्यावरून जे रुसवेफुगवे झाले ते पुढच्या दिवाळीपर्यंत पुरले. अण्णांना त्याचं काहीच वाटलं नाही. जीप घाटात डगमगली का, एवढंच त्यांनी परत आलेल्या ड्रायव्हरला विचारलं.

मी मूळचा बार्शीचा. सोलापुरात शाळेत नोकरी लागली तेव्हा अण्णांच्या घराची माडी भाड्याने घेतली आणि आजतागायत सोडली नाही. खाली अण्णा आणि त्यांची लेक सुनंदाताई. ताई सरकारी दवाखान्यात सिस्टर. अण्णा जकात नाक्यावरून निवृत्त झाले होते, पण वस्तीत त्यांना नाकेवाले कुणी म्हणत नसे. बुद्धविहारापासून रिक्षा स्टँडपर्यंत ते विमानअण्णाच. लोक चेष्टेने म्हणत असतील असं मला वाटलं आणि पहिल्याच दिवशी मी ते बोलून दाखवलं. त्यावर अण्णा असे भडकले की सामान सोडायच्या आधीच परत बांधावं लागणार, अशी माझी खात्री झाली.

देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका छोट्या खाजगी कंपनीचं विमान पुण्याकडून यायचं, होटगी रस्त्याच्या धावपट्टीवर टेकायचं, पेट्रोल घ्यायचं आणि हैदराबादेकडे जायचं. दोन इंजिनं, एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या, लाकडी सांगाडा आणि पंखांवर ताणून शिवलेलं कापड. पायलट एकटाच नाकात, मागे आठ प्रवासी. सोलापुरातला कंपनीचा सगळा कारभार म्हणजे पत्र्याची एक शेड आणि अण्णा. तिकीट अण्णा फाडणार, टाकी अण्णा भरणार, धावपट्टीवरची शेरडंही अण्णाच हाकलणार. ज्या काळात त्यांच्या वस्तीतल्या माणसाला शहरातल्या कित्येक दुकानांची पायरी चढू देत नव्हते, त्या काळात हा विशीतला मॅट्रिक झालेला तरुण विमानाच्या दाराशी उभा राहून कुणी आधी चढायचं ते सांगत होता.

इतक्या हलक्या विमानात माणसं कशीही कोंबून चालत नाहीत. शेपटीकडे वजन झालं की उडताना नाक भलतंच वर उचललं जातं आणि मग काही खरं नसतं. म्हणून शेडच्या दारात धान्याची पोती तोलायचा लोखंडी काटा ठेवला होता. प्रत्येक प्रवाशाने सामानासकट त्यावर उभं राहायचं, अण्णा वजन वाचणार आणि त्यावरून खुर्ची देणार. जड माणूस पुढे, हलका मागे. एकदा होटगी स्टेशनवरचा एक दांडगा हमाल उपचारासाठी हैदराबादेला चालला होता. तो पहिल्या खुर्चीवर बसला आणि गिरणीचे कृश मॅनेजर सगळ्यात मागे. मॅनेजरांनी तक्रार केली तेव्हा अण्णा म्हणाले, "काट्याला हुद्दा कळत न्हाय, साहेब." हे वाक्य नंतर त्यांनी जन्मभर वापरलं, जकात नाक्यावर ट्रकवाल्यांनाही आणि घरी पाहुण्यांनाही.

पण एक प्रसंग सांगताना ते कधी हसले नाहीत. शहरातला एक मोठा व्यापारी काट्यापाशी आला, अण्णांकडे बघितलं आणि याच्या हातून मी वजन करून घेणार नाही असं म्हणाला. कारण सगळ्यांना कळलं. अण्णांनी काट्यावरचा हात काढला नाही. पायलटने नाकातून डोकं बाहेर काढून सांगितलं, वजन नाही तर उड्डाण नाही. विमान तिथेच थांबलं. ऊन चढलं, बाकीचे प्रवासी शेडच्या सावलीला बसले आणि थोड्या वेळाने ते व्यापाऱ्याला सोडून अण्णांनाच समजावू लागले. जाऊ दे की, अंदाजाने लिही की, एका माणसाने काय फरक पडतो. शेवटी तो व्यापारी टांगा मागवून स्टेशनवर गेला आणि रेल्वेने गेला. म्हणजे जिंकले अण्णाच. तरी पन्नास वर्षांनंतरही हे सांगताना त्यांच्या मानेची शीर फुगायची. राग त्या व्यापाऱ्यावर नसायचा. "त्यो तर तसलाच हुता," ते म्हणायचे. "पण ह्यी बाकीची चांगली माणसं हुती की, मास्तर. ती मला म्हणाली जाऊ दे."

एरवी विमानाचा विषय निघाला की त्यांचा आवाज मऊ व्हायचा. पंखांच्या कापडाला एक रोगण लावायचे, ते सुकून कापड ढोलाच्या चामड्यासारखं ताठ व्हायचं. त्या रोगणाला पिकल्या केळ्याचा वास यायचा. त्या वासावर एकदा एक शेळी आली आणि तिने खालच्या पंखाची कड चांगली वीतभर चघळली. पायलट कपाळाला हात लावून बसला. अण्णा सायकल मारत गिरणीत गेले, जाड कापडाचा तुकडा आणला आणि बसून ठिगळ शिवलं, वर रोगण दिलं. ते ठिगळ घेऊन विमान कितीतरी दिवस उडत होतं. हैदराबादेला सोलापूरचं कापड सगळ्यात उंचावरून मीच पोचवलं, असं ते ऐटीत सांगायचे. शेळीचा मालक भरपाई मागायला आला होता, कारण शेळी दोन दिवस जुलाबाने आजारी होती, हेही तेवढ्याच ऐटीत सांगायचे.

पुढे कंपनी बुडाली. एकदा इंजिन बिघडून विमान सोलापुरात उभं राहिलं ते राहिलंच, न्यायला कुणी आलं नाही. अण्णांना जकात नाक्यावर नोकरी मिळाली, तिथेही वजनंच. सुट्टीच्या दिवशी ते शेडमध्ये जाऊन विमान पुसून यायचे. मग एक दिवस शेड रिकामी दिसली. विमान भंगारात गेलं, असं कुणी म्हणालं. चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी आहे, असं दुसरं कुणी म्हणालं. अण्णा तिथे गेले, पण पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. त्यानंतर त्यांनी तो विषय बंद केला आणि आम्हीही काढला नाही.

शहराबाहेर नवं गार्डन हॉटेल झालं तेव्हा अण्णा पंच्याऐंशीच्या आसपास होते. ताईंना दवाखान्यात बढती मिळाली म्हणून आम्ही तिघं जेवायला गेलो. फाटकातून आत शिरलो आणि अण्णा थांबले. हिरवळीच्या मधोमध सिमेंटच्या चौथऱ्यावर त्यांचं विमान उभं होतं. कापडाच्या जागी पत्रा ठोकला होता. सगळ्या अंगावर हिरवे-तपकिरी ठिपके रंगवले होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना काळ्या रंगाच्या बंदुका बसवल्या होत्या, आणि त्या पाण्याच्या पाइपाच्या होत्या हे माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरालाही लांबून कळत होतं. खाली पाटी होती: शत्रूला धूळ चारणारे लढाऊ विमान. आत दोघांचं टेबल टाकलं होतं, वाढदिवसासाठी आगाऊ नोंदणी करून मिळायचं.

अण्णा चौथऱ्यावर चढले. दाराच्या वरच्या बिजागरीत त्यांनी स्वतः ठोकलेला पितळी खिळा होता. त्यावर बोट ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. वेटर त्यांना खाली उतरायला सांगत होता. मग अण्णांनी मालकाला बोलवा म्हटलं, आणि त्या स्वरात म्हटलं की मालक खरोखर आला.

मालकाचं नाव मी लिहिणार नाही. एकेकाळी नगरसेवक होता, सगळे त्याला दादा म्हणतात. गोड माणूस. अशा गोड माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. त्याने अण्णांचं सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, लिंबू सरबत मागवलं. हे प्रवासी विमान होतं, ही गोष्ट त्याने एका शब्दाने नाकारली नाही. त्याला ती माहीतच होती. "अण्णा, तुमचं खरं आहे," तो म्हणाला. "पण प्रवासी विमानाबरोबर फोटो कोण काढणार? लोकांना बंदूक लागते."

अण्णा म्हणाले, "ह्यानं आजारी माणसं दवाखान्यात नेली. लेकी माहेरी नेल्या. एक गोळी झाडली न्हाय ह्यानं कधी. त्येच्या तोंडाला तुमी बंदुका लावता?" दादा हसला आणि सरबत घ्या म्हणाला. अण्णांनी सरबत घेतलं नाही. त्या दिवशी आम्ही जेवलोही नाही. पाटी बदला आणि बंदुका काढा, एवढंच मागणं होतं. एका दुपारचं काम.

त्यानंतर अण्णा रोज संध्याकाळी सिटी बसने तिथे जाऊ लागले. फाटकाबाहेरच्या मोरीच्या कठड्यावर बसायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगायचे की आत जे आहे ते लढाऊ विमान नाही, ते आपल्या गावाचं विमान आहे, त्यातून आपली माणसं गेली. मी अनेकदा त्यांच्याबरोबर बसलो आहे. माझ्या गावाबद्दल, म्हणजे आता सोलापूरच माझं गाव, जेवढी चीड मला त्या कठड्यावर आली तेवढी कधी आली नाही. काही लोक पाया पडून पुढे जायचे, कारण म्हातारा माणूस दिसला की पाया पडायचं एवढं त्यांना शिकवलेलं. काही हसायचे. शिकलेसवरलेले, माझ्याच शाळेतले पालक, मला बाजूला घेऊन म्हणायचे, सर, सोडा ना, काय बिघडतं? एका मुलीने फाटकातून विमानाचा फोटो काढताना "आजोबा, जरा सरका, तुम्ही मधे येताय," असं म्हटलं. अण्णा सरकले. ते सरकले याचा मला त्या मुलीपेक्षा जास्त राग आला. एक वार्ताहर आला होता, त्याने सगळं टिपून घेतलं, आणि त्याच आठवड्यात त्याच्या पेपरात गार्डन हॉटेलची अर्ध्या पानाची जाहिरात आली. अण्णांबद्दलचं काही आलं नाही.

मग स्वातंत्र्यदिनाच्या आधी दादा स्वतः घरी आला. पेढे घेऊन. चौथऱ्यासमोर कार्यक्रम आहे, मोठी माणसं येणार आहेत, त्यात विमानाबरोबर सेवा केलेले सैनिक म्हणून अण्णांचा सत्कार करायचा आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. मी माडीच्या जिन्यावर उभा राहून ऐकत होतो आणि अण्णा आता याला उंबऱ्याबाहेर काढणार याची वाट बघत होतो. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, नेहमीसारखं पायांपासून खांद्यांपर्यंत, आणि येतो म्हणाले. दादा गेल्यावर ताई मला हळूच म्हणाल्या, दमले असतील हो सर, या वयात किती भांडायचं माणसाने. मला ते पटलं, आणि वाईटही वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी अण्णांनी पांढरा सदरा घातला. भाषणं झाली, गाणी झाली. अण्णांना वर बोलावलं, खांद्यावर शाल टाकली, फोटो निघाले. मग अण्णांनी शाल काढली, तिची नीट घडी केली, टेबलावर ठेवली आणि माइक हातात घेतला. "मी सैनिक न्हाय," ते म्हणाले. "मी तिकिटं फाडत हुतो. हे लढाऊ विमान न्हाय, प्रवाशांचं हाय. आन् ह्या बंदुका नळाच्या पाइपाच्या हायत, पायजे तर हात लावून बगा."

यापुढचं कुणाला ऐकू गेलं नाही, कारण माइक बंद केला गेला आणि ध्वनिवर्धकावर जोरात गाणं लागलं. अण्णांचे ओठ हलत होते. समोरच्या खुर्च्यांमधून कुणीतरी ओरडलं की हा सैन्याचा अपमान आहे. मग आणखी काही ओरडले. आधी हसणारे, सरका म्हणणारे, काय बिघडतं म्हणणारे सगळे एकाएकी देशभक्त झाले. दोन पोरांनी अण्णांना दंडाला धरून खाली उतरवलं. उतरवलं म्हणतो, खरं तर ओढलं. दादा हात जोडून सगळ्यांना शांत राहायला सांगत होता. म्हातारा माणूस आहे, वयाचं होतं असं, जाऊ द्या.

परतताना रिक्षात अण्णा आमच्या दोघांच्या मधे बसले. सदऱ्याची बाही खांद्यापाशी उसवली होती. तिथे हे बोलायचंच होतं तर आधी आम्हाला का सांगितलं नाही, असं मी जरा चिडूनच विचारलं. त्यावर ते म्हणाले, "माझा थोरला भाऊ पलटणीत हुता, मास्तर. त्येचा पाय गेला तितं. आयुष्यभर कुबडीवर चालला, त्येला कुणी शाल दिली न्हाय. त्येच्या वाटची शाल मी घेऊ व्हय?" त्यांना भाऊ होता हे मला तोवर माहीत नव्हतं. ताई रिक्षाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर बघत होत्या. सैन्याचा अपमान. त्या हिरवळीवर सैन्याचा मान राखणारा एकच माणूस होता आणि त्यालाच फरफटत खाली आणलं, हे आजही आठवलं की मला शाळेत कुणाशी धड बोलता येत नाही.

नंतर अण्णांचं बाहेर जाणं थांबलं. गुडघे गेले, मग छाती धरली. वर्षं गेली, नव्वदी आली. पण रोज ताई ड्युटीवरून घरी आल्या की खाटेवरून एकच प्रश्न यायचा: "बंदुका काढल्या का?" ताईंची बस त्याच रस्त्याने यायची. दवाखान्यात रोज आजारी माणसांना धीर देणारी ती बाई, हो काढल्या म्हणाली असती तर म्हातारा सुखाने झोपला असता. मी एकदा तसं सुचवलंही. ताई म्हणाल्या, सर, ज्या माणसाने शाल परत केली त्याला मी खोटं सांगू? आणि त्या रोज खरं सांगत राहिल्या. नाही अण्णा, अजून आहेत. अण्णा रोज एक शिवी हासडायचे आणि मग जेवायचे.

गेल्या थंडीत ते गेले. त्या संध्याकाळीही त्यांनी विचारलं होतं आणि ताईंनी नाही असंच सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. खाली दादाचा हात जोडलेला फोटो आणि वर अण्णा, शाल पांघरलेले, ती काढायच्या आधीच्या त्या दोन क्षणांतले. मागे विमान, बंदुकांसकट. लढाऊ विमानाचे शूर साथीदार यांना भावपूर्ण श्रद्धांजली. मी तो फाडायला निघालो होतो. ताईंनी मला अडवलं. फ्लेक्स महापालिका काढेल, सर, त्यात वेळ घालवू नका, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. बाप गेलेल्या बाईचा राग आला, इतका माझा तोल गेला होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ताईंनी मला खाली बोलावलं, पिशवीतली करवत दाखवली आणि चला म्हणाल्या. संध्याकाळी, गार्डन माणसांनी भरलेलं असताना, आम्ही आत गेलो. ताईंनी एक रिकामं टेबल चौथऱ्यापाशी ओढलं, चपला काढल्या आणि वर चढल्या. मी टेबल धरलं. त्यांनी कापायला सुरुवात केली. लोकांनी आधी पाहिलं, मग मोबाइल काढले. काळ्या रंगाचा चुरा माझ्या डोक्यावर पडत होता. पहिली बंदूक हिरवळीवर पडली तेव्हा आतून पांढरी निघाली, आणि एक लहान मुलगा आईला म्हणाला की हा तर आपल्या बाथरूमचा पाइप आहे.

दुसरी निम्मी कापून झाली तोवर दादा धावत आला. ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो, तो म्हणाला, पण खाली उतरा, नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल. ताईंनी करवत थांबवली नाही. "बोलवा," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर सांगा, प्रवासी विमानाला बंदुका कुणी लावल्या ते." दादाने कुणालाही बोलावलं नाही. दुसरीही पडली. दोन्ही तुकडे तिथेच टाकून आम्ही निघालो. घरी आल्यावर ताई दारातच बसल्या, रिकाम्या खाटेकडे बघत म्हणाल्या, "काढल्या हो अण्णा," आणि मग पहिल्यांदा रडल्या.

आठ दिवसांत दादाने नव्या बंदुका बसवल्या. या वेळी लोखंडी, वेल्डिंग करून. परवा ताईंनी मंगळवार पेठेतून लोखंड कापायची पाती आणली आहेत. उद्या त्यांना सुट्टी आहे. मी शाळेत रजेचा अर्ज दिला आहे.